सामना आपला, रस्ता परक्याचा

युरोपातील क्लब-बास्केटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या विजेत्यांची यादी 1958 सालापासून सुरू होते आणि तिच्यात पहिले नाव रीगाच्या एएसके या संघाचे आहे. पुढच्या सहा दशकांत या स्पर्धेचे नाव बदलले, चालक बदलले, नियम बदलले. पण दर वर्षापुढे कोणाचे ना कोणाचे नाव लागत गेले. 2001 सालापुढे तर दोन नावे आहेत. त्या हंगामात क्लबांनी फिबा या जागतिक महासंघाशी फारकत घेऊन युरोलीग ही आपली स्पर्धा काढली, फिबाने आपली वेगळी चूल मांडली, आणि युरोपला बोलोन्याचा एक व तेल अवीवचा एक असे दोन राजे मिळाले. 2020 सालापुढची जागा मात्र रिकामी आहे. 34 साखळी फेऱ्यांपैकी 28 झाल्या होत्या. इस्तंबूलचा अनादोलू एफेस 24 विजय आणि 4 पराभवांसह गुणतक्त्यात सर्वात वर होता. 12 मार्चला स्पर्धा थांबली आणि 25 मे रोजी रद्द झाली. का, असे विचारले तर एका शब्दात उत्तर येते: करोना. हे उत्तर खोटे नाही, पण ते पुरतही नाही. त्याच विषाणूच्या काळात स्पेनची राष्ट्रीय लीग जूनमध्ये पूर्ण झाली, जर्मनीचीही झाली, आणि अमेरिकेची एनबीए ऑक्टोबरपर्यंत रेंगाळत का होईना, पण विजेता ठरवूनच थांबली. चेंडू तोच, घाम तोच, संसर्गाची भीतीही तीच. मग युरोलीगच का अडली? माझ्या मते ती मैदानावर मोडलीच नाही. दोन मैदानांमधल्या रस्त्यावर ती मोडली, आणि तो रस्ता कधीच तिच्या मालकीचा नव्हता.

ही स्पर्धा किती रस्त्यावर उभी होती हे थोड्या गणिताने कळते. त्या हंगामात दहा देशांचे अठरा क्लब होते: स्पेनचे चार, रशियाचे तीन, तुर्कस्तान, ग्रीस आणि जर्मनीचे दोन-दोन, तर इटली, फ्रान्स, लिथुआनिया, सर्बिया आणि इस्रायलचा एकेक. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचे, म्हणजे एकूण 306 साखळी सामने. यातले दोन्ही संघ एकाच देशाचे असलेले सामने मोजले तर स्पेनचे 12, रशियाचे 6, आणि तुर्कस्तान, ग्रीस, जर्मनीचे दोन-दोन, असे जेमतेम 24 भरतात. उरलेल्या 282 सामन्यांसाठी कोणाला तरी सीमा ओलांडावी लागणार होती. शंभरातले बाण्णव! आता एनबीएकडे पाहा. तीही नावापुरती दोन देशांची लीग आहे, कारण तिच्या तीस संघांपैकी टोरंटो रॅप्टर्स कॅनडाचा आहे. पण 1230 सामन्यांच्या पूर्ण हंगामात सीमेशी संबंध येतो तो रॅप्टर्सच्या 82 सामन्यांपुरता, म्हणजे शंभरात सातांहूनही कमी. एनबीएसाठी सीमा म्हणजे वेळापत्रकाच्या कडेला पडलेली एक सुरकुती. युरोलीगमध्ये सारे कापडच सीमांच्या धाग्यांनी विणलेले. शिवाय त्या दहा देशांपैकी सहाच शेंगेन करारातले, म्हणजे एरवी एकमेकांकडे पासपोर्टच्या तपासणीविना ये-जा करणारे. उरलेल्या चार देशांचे सात क्लब त्या कुंपणाबाहेरचे. चांगल्या दिवसांत हा फरक विमानतळावरच्या रांगेपुरता असतो, म्हणून तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

मार्च 2020 च्या पहिल्या दोन आठवड्यांत तो लक्षात आला. 3 तारखेला मिलानमध्ये रेआल माद्रिदविरुद्धचा सामना रिकाम्या प्रेक्षागृहात झाला, कारण उत्तर इटलीत साथ भडकली होती. दोन दिवसांनी तोच मिलानचा संघ व्हॅलेन्सियात खेळला, तेव्हा तिथेही प्रेक्षकांना दारे बंद होती. इटलीहून आलेल्या संघाचा सामना म्हणून स्पेननेच तशी अट घातली होती. इथवर तडजोड चालली. 9 मार्चला इस्रायलने देशात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी चौदा दिवसांचे विलगीकरण सक्तीचे केले. आठवड्याला एक, कधी दोन सामने खेळणाऱ्या स्पर्धेत चौदा दिवस म्हणजे वनवासच. तेल अवीवच्या मकाबीचा संघ परदेशी जाऊन आला की घरात कोंडला जाणार आणि पाहुणा संघ तिथे उतरला की हॉटेलात. त्याच दिवशी इटलीने सारा देश बंद केला आणि लगोलग स्पेनने इटलीची थेट विमाने थांबवली. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. त्याच रात्री अमेरिकेने शेंगेन देशांतून येणाऱ्या परदेशी प्रवाशांना बंदी घातली आणि तिकडे युटा जॅझच्या रुडी गोबेरची चाचणी सकारात्मक आल्याने एनबीए थांबली. युरोपातल्या क्लबांत अमेरिकी खेळाडू भरपूर असतात. नागरिक म्हणून त्यांना बंदी लागू नव्हती, पण दारे मिटत चालली आहेत एवढे समजायला तेवढी घोषणा पुरेशी होती. दुसऱ्या दिवशी रेआल माद्रिदच्या एका बास्केटबॉलपटूला लागण झाल्याचे कळले. क्लबचे बास्केटबॉल आणि फुटबॉल हे दोन्ही संघ विलगीकरणात गेले आणि युरोलीगने कुलूप लावले. या सगळ्यात स्पर्धा बंद करा असा एकही आदेश कुणी काढला नव्हता. प्रत्येक सरकारने आपापल्या सीमेपुरता, आपापल्या परीने योग्य असा निर्णय घेतला. अशा दहा शहाणपणांची बेरीज मात्र अशक्यता निघाली.

साथीतून वाचलेल्या स्पर्धांनी काय केले? त्यांनी स्वतःला एका जागी कोंडून घेतले. आपल्याकडे हा प्रकार 'बायो-बबल' या नावाने घरोघरी पोचला. 2020 चा आयपीएल हंगाम सबंध उचलून संयुक्त अरब अमिरातीत नेला गेला, इंडियन सुपर लीगचे त्या मोसमातले सारे फुटबॉल सामने गोव्यातल्या तीन मैदानांवर झाले, आणि 2022 मध्ये आयपीएलचे सत्तरच्या सत्तर साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात उरकले गेले. स्पेनच्या लीगने बारा संघ व्हॅलेन्सियात आणले आणि 17 ते 30 जूनमध्ये 33 सामने खेळवून घेतले. बास्कोनियाने बार्सिलोनाला 69–67 असे हरवून जेतेपद पटकावले. जर्मनीचे दहा संघ त्याच महिन्यात म्युनिकला जमले आणि आल्बा बर्लिन जिंकला. बबलची चर्चा करताना आपण चाचण्या, मास्क, खोलीत आणून दिलेले जेवण यांबद्दल बोलतो. पण या सगळ्या बबलांत सारखी असलेली गोष्ट वैद्यकीय नाही, प्रशासकीय आहे. प्रत्येक वेळी आयोजकांना एकाच सरकारची, एकाच आरोग्य खात्याची समजूत घालावी लागली. एकदा परवानगी, एकदा प्रवेश, आणि नंतर स्पर्धा संपेपर्यंत सीमेचे नाव नाही. अनेक घरांतून फिरणारा खेळ एका घरात आणून बसवण्याची ही युक्ती होती.

सीमेचा हा परिणाम विषाणूच्या परिणामापासून वेगळा काढून दाखवायचा तर कॅनडाकडे वळावे लागते. तिथे जणू ठरवून केल्यासारखा एक प्रयोग आपोआप घडला. अमेरिका-कॅनडा सीमा 21 मार्च 2020 पासून अत्यावश्यक नसलेल्या प्रवासाला बंद झाली. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कॅनडाचे संघ असल्याने प्रत्येकीपुढे तोच पेच उभा राहिला, आणि उत्तरे तीन निघाली. आइस हॉकीच्या एनएचएलने त्या उन्हाळ्यात आपले चोवीस संघ टोरंटो आणि एडमंटन या दोन कॅनेडियन शहरांत आणून बसवले, आणि कॅनडा सरकारने ते मान्य केले. त्याच उन्हाळ्यात बेसबॉलचा टोरंटो ब्लू जेज संघ घरच्या मैदानावर खेळू देण्याची विनंती घेऊन आला, तेव्हा त्याच सरकारने नकार दिला आणि तो संघ सीमेपलीकडे बफेलो शहरात हंगामभर पाहुणा राहिला. शेकडो हॉकीपटू चालतात आणि एक बेसबॉल संघ चालत नाही, यात वरवर विसंगती दिसते. पण सरकारचे कारण स्वच्छ होते: हॉकीवाले एकदा येऊन थांबणार होते, बेसबॉलवाले सतत ये-जा करणार होते. म्हणजे आक्षेप परक्या माणसांच्या असण्याला नव्हता, त्यांच्या फेऱ्यांना होता. आणि फेऱ्या हाच तर सीमापार लीगचा प्राण! रॅप्टर्सचेही तेच झाले. 2020 च्या उन्हाळ्यात ते फ्लोरिडातच सराव करून ऑर्लँडोच्या बबलमध्ये गेले. पुढच्या हंगामात बबल नव्हता, संघ आपापल्या गावी परतले होते, पण कॅनडात चौदा दिवसांचे विलगीकरण कायम होते. तेव्हा रॅप्टर्सनी पूर्ण हंगाम फ्लोरिडातल्या टँपा शहरात 'घर' मांडून काढला. दोनच वर्षांपूर्वी विजेता ठरलेला हा संघ 27 जिंकला, 45 हरला. एनबीएने सीमेचा प्रश्न सोडवला नाही. आपला एकुलता एक परदेशी संघ काही काळापुरता अमेरिकी करून टाकला. तिसांत एक असेल तर हे करता येते. दहा देशांतले कोणते नऊ परके करायचे?

अर्थात युरोलीगलाही एका शहरात जाण्याची वाट बंद नव्हती. जुलैमध्ये एकाच ठिकाणी अठराही संघ आणून हंगाम संपवण्याची योजना तिने आखली होती. मग ती अमलात का आली नाही, हे समजायला तिथले वेळापत्रक कोणाचे, हे आधी पाहावे लागते. एनबीएचा खेळाडू फक्त एनबीए खेळतो. युरोलीगचा खेळाडू गुरुवारी-शुक्रवारी युरोलीग खेळतो आणि शनिवार-रविवारी आपल्या देशाची लीग. त्याचा पगार क्लब देतो, करार त्या देशाच्या कायद्याखाली असतो, आणि हे करार साधारणपणे 30 जूनला संपतात. सरकारांनी जून उजाडता उजाडता कवाडे किलकिली केली तेव्हा पहिला हक्क राष्ट्रीय लीगांनी सांगितला, आणि तोही रीतसर. स्पॅनिश, जर्मन आणि इस्रायली लीग पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे युरोलीगच्या अठरांपैकी सात क्लब जून-जुलैत घरगुती सामन्यांत गुंतले. दुसरीकडे इटली, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आपल्या लीग रद्दच केल्या. लिथुआनियाने तर मार्चमध्येच झाल्गिरिस कौनासला विजेता घोषित करून टाकले आणि ग्रीसने पुढे पानाथिनाईकोसला. त्या देशांतले खेळाडू मार्चपासून घरी बसलेले. त्यांना हाताशी धरून, करार वाढवून, सीमा ओलांडून, विलगीकरण आणि सराव करवून जुलैत मैदानात उतरवायचे, समोर महिनाभर सामने खेळून आलेला संघ उभा करायचा, आणि याला युरोपचे अजिंक्यपद म्हणायचे! साथीने सगळ्यांना सारखे थांबवले असते तर सगळे सारखे सुरूही झाले असते. सीमांनी त्यांना वेगवेगळ्या तारखांना थांबवले आणि वेगवेगळ्या तारखांना सोडले.

या युक्तिवादावरचा पहिला आणि वजनदार आक्षेप फुटबॉलमधून येतो. युएफाची चॅम्पियन्स लीगही अनेक देशांची, आणि ती ऑगस्ट 2020 मध्ये लिस्बनला पूर्ण झाली. खुद्द बास्केटबॉलमध्येही फिबाची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोलीगची प्रतिस्पर्धी स्पर्धा, अथेन्समध्ये आठ संघ जमवून पूर्ण झाली आणि स्पेनचा बुर्गोस विजेता ठरला. तेव्हा सीमापार स्पर्धा अशक्य होती, असे कसे म्हणता येईल? तसे माझे म्हणणे नाहीच. या दोन्ही स्पर्धांचे अखेरचे टप्पे पूर्ण झाले ते सीमापार राहून नव्हे, तर एका शहरात शिरून. शिवाय त्यांना ते जमले कारण त्यांच्याकडे उरले होते थोडे: अखेरीस आठ संघ, एकेक सामन्याची बाद फेरी, मोजक्या लढती, खेळ खलास. युरोलीगच्या फक्त साखळीचेच 54 सामने बाकी होते, आणि त्यापुढे पाच-पाच सामन्यांच्या चार मालिका व फायनल फोर. युएफाच्या हाती आणखी एक किल्ली होती. राष्ट्रीय फुटबॉल संघटना तिच्याच सदस्य आहेत, त्यामुळे आधी घरच्या लीग संपवा आणि ऑगस्ट आम्हाला द्या, असे ती सांगू शकली. फिबापासून फुटून निघालेल्या युरोलीगला असे सांगायला कोणी खालचे नव्हतेच. अथेन्सच्या स्पर्धेचा तर गमतीचा भाग असा की ती 30 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर या काळात झाली, म्हणजे पुढच्या हंगामाच्या तोंडावर. तोवर संघांत खेळाडूंची अदलाबदल झाली होती. जुन्या हंगामाचा चषक नव्या हंगामाच्या माणसांनी जिंकला. पूर्ण झाला म्हणायचे, पण काय पूर्ण झाले हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप पैशाचा. सीमा वगैरे सोडा, एनबीएकडे बबल उभारायला पैसा होता आणि युरोलीगकडे नव्हता, असे म्हणणारे बरेच आहेत. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. ऑर्लँडोतल्या 172 सामन्यांच्या मुक्कामावर एनबीएने अंदाजे 18 ते 19 कोटी डॉलर घातले, पण राष्ट्रीय प्रक्षेपणाचे तिचे करार नऊ वर्षांसाठी 2400 कोटी डॉलरचे होते. तो ओघ तुटू नये म्हणून एवढा खर्च हा हिशेबाचाच भाग झाला. युरोलीगने 2015 मध्ये आयएमजी या कंपनीशी दहा वर्षांची भागीदारी केली तेव्हा हमीची रक्कम 63 कोटी युरो होती. म्हणजे वर्षाला 6.3 कोटी, आणि त्यात अठरा वाटेकरी. एकेका क्लबच्या वाट्याला यातून येणारी रक्कम एखाद-दुसऱ्या नामांकित खेळाडूच्या पगारात संपावी एवढीच. रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाचे बास्केटबॉल फुटबॉलच्या कमाईवर चालते, मॉस्कोच्या सीएसकेएमागे धातूंचा धंदा होता, एफेसमागे बिअर बनवणारा उद्योगसमूह. बाकीच्यांपैकी कित्येकांची भिस्त तिकीटबारीवर. कौनासला सुमारे 15 हजार माणसे मावणारे प्रेक्षागृह भरते म्हणून झाल्गिरिस तगतो. रिकाम्या प्रेक्षागृहात खेळून हंगाम पुरा करण्यात अशा क्लबांचा तोटाच वाढला असता. हे सगळे मान्य. पण हा पैसा कमी का, हेही विचारावे लागेल. युरोपात बास्केटबॉलचे चाहते थोडे नाहीत. प्रक्षेपणाची बाजारपेठ मात्र दहा देशांत, जवळजवळ तितक्याच भाषांत आणि तितक्याच कराररचनांत फुटलेली आहे. लिथुआनियात ही स्पर्धा राष्ट्रीय सण असते, जर्मनीत फुटबॉलच्या सावलीतला एक खेळ. एका भाषेतल्या तीस-पस्तीस कोटी लोकांना एकदाच हक्क विकणे आणि दहा ठिकाणी दहा भाव करत फिरणे यांत जो फरक आहे तोच त्या दोन आकड्यांत उमटलेला दिसतो. गरिबी हे कारण खरे. पण ती गरिबीही बऱ्याच अंशी सीमेचीच लेक आहे.

तिसरा मुद्दा खेळाडूंचा. त्यांना आपल्या शरीराची आणि कुटुंबाची काळजी होती. तीन महिने बसलेल्या स्नायूंवर अचानक ताण आला तर दुखापतींची रांग लागेल, ही भीती रास्त होती, आणि रद्द करण्याचा निर्णय त्या अर्थाने शहाणपणाचा होता. यावर माझी हरकत नाही. फक्त ही काळजी कोणत्या दाराने टेबलापर्यंत पोचली ते पाहावे. एनबीएत एक खेळाडू संघटना, एक सामूहिक करार, आणि त्या करारात महासाथीचेसुद्धा कलम! आपत्तीमुळे रद्द झालेल्या प्रत्येक सामन्यामागे पगाराचा 92.6 वा भाग कापता येईल, इतक्या बारकाईने आधीच लिहून ठेवलेले. दोन पक्ष समोरासमोर बसले, भांडले, आणि बबलच्या नियमांवर सह्या केल्या. युरोलीगच्या खेळाडूंची संघटना 2018 मध्ये जन्मलेली, म्हणजे साथ आली तेव्हा दोनेक वर्षांची. तिने चर्चा नेटाने केल्या, पण करार प्रत्येकाचा वेगळा, कामगार कायदे दहा देशांचे, आणि घरी परतलेला अमेरिकी खेळाडू परत येऊ शकेल की नाही हे कोणत्या तरी वकिलातीच्या खिडकीवर ठरणार. एकत्र बसून 'हो' म्हणायला लागणारे टेबलच पुरेसे मोठे नव्हते. 'नाही' म्हणायला मात्र कुठलाही एक कोपरा पुरत होता.

मग एफेसला विजेता का घोषित केले नाही? 28 सामन्यांत 24 विजय म्हणजे योगायोग नव्हे, आणि लिथुआनियाने, ग्रीसने तसे केलेच होते. एफेसच्या चाहत्यांची हळहळ समजण्यासारखी आहे; त्यांच्या शेन लार्किनने नोव्हेंबरमध्ये म्युनिकच्या बायर्नविरुद्ध एकट्याने 49 गुण केले तो हा हंगाम. तरीही इथे युरोलीगचा संयम मला बरोबर वाटतो. या स्पर्धेत साखळीतला पहिला क्रमांक जेतेपद देत नाही, बाद फेरीतली सोयीची जागा देतो. 2019 मध्ये साखळीत फेनर्बाचे पहिला होता आणि चषक सीएसकेएने नेला. 2021 मध्ये साखळीत बार्सिलोना पहिला आला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या एफेसने त्याला अंतिम सामन्यात 86–81 असे हरवले. ज्याचे नाव टाळले गेले त्यानेच पुढच्या वर्षी ते टाळणे योग्य होते हे दाखवून द्यावे, याला काय म्हणावे! शिवाय 2022 मध्येही एफेसच जिंकला, तेव्हा इस्तंबूलकरांची तक्रार फार काळ टिकली नसावी. खरा अन्याय झाला तो दुसऱ्या पायरीवरच्यांवर. युरोकप या खालच्या स्पर्धेचा विजेता युरोलीगमध्ये चढतो. तीही उपान्त्यपूर्व फेरीच्या उंबरठ्यावर रद्द झाली आणि पुढच्या हंगामासाठी युरोलीगने तेच अठरा क्लब कायम ठेवले. व्हर्टुस बोलोन्या आणि पार्टिझान बेलग्रेड हे अंतिम आठांत होते. त्यांच्यापुढची शिडी कोणीही न हरवता काढून घेतली गेली. तेव्हा अकरा क्लबांकडे दीर्घ मुदतीचे परवाने असलेल्या या स्पर्धेत आत असलेल्यांना थांबण्याची किंमत कमी पडते आणि दाराशी असलेल्यांना जास्त, ही गोष्ट साथीने अनवधानाने उघडी केली.

एवढ्यावरून सीमापार लीग म्हणजे चांगल्या दिवसांचा चोचला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण पुढचा 2020-21 चा हंगाम याच अठरा क्लबांनी, याच दहा देशांत, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीचा नियम कडक होता: किमान आठ निरोगी खेळाडू उभे करता आले नाहीत तर सामना 20–0 असा हरलात. ऑक्टोबरमध्येच सेंट पीटर्सबर्गच्या झेनितला साथीने गाठले आणि न खेळताच पराभव साचू लागले. तेव्हा युरोलीगने हंगाम चालू असताना नियम फिरवला, ते पराभव पुसले आणि सामने पुढे ढकलले. झेनित पुढे आठव्या क्रमांकाने बाद फेरीत गेला आणि बार्सिलोनाला पाचव्या सामन्यापर्यंत खेचले. हंगामाआधी ठरवलेला नियम मध्येच बदलणे एरवी कोणालाही रुचणार नाही, मलाही नाही. पण तो जुना नियम एका गृहीतावर उभा होता: संघ आला नाही तर चूक संघाची. रस्ता आपला नसेल तर हे गृहीतच लटके पडते. वेळापत्रकात सैल जागा ठेवणे, उशिराला शिक्षा न करणे हे त्या स्पर्धेने शिकून घेतले. एबीए लीग आणि व्हीटीबी युनायटेड लीग या पूर्व युरोपातल्या आणखी दोन सीमापार लीगनाही 2020 चे हंगाम विजेत्याविना गुंडाळावे लागले होते. त्यांतली एबीए तर तेव्हा जुन्या युगोस्लाव्हियाच्या तुकड्यांची लीग होती. त्याच्या तीस वर्षे आधी तिच्यातले सामने एकाच देशातले ठरले असते आणि हा पेच तिला पडलाच नसता.

साथ ओसरली तरी रस्ता परकाच राहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच रशियन क्लब स्पर्धेतून बाजूला काढले गेले. त्यांचे झालेले सामनेही गुणतक्त्यातून पुसले गेले. ऑक्टोबर 2023 नंतर मकाबी तेल अवीव आपले 'घरचे' सामने बेलग्रेडमध्ये खेळू लागला. 2025-26 चा हंगाम वीस क्लबांचा झाला, त्यात दुबई आली, आणि सुरुवातीला तेल अवीवचा दुसरा क्लब हापोएल सोफियात यजमानपण करत होता. या स्पर्धेला हे नवे नाही. तिच्या अगदी पहिल्या हंगामात, 1958 मध्ये, उपान्त्य फेरीत रेआल माद्रिदची गाठ रीगाच्या एएसके संघाशी पडली होती. रीगा तेव्हा सोव्हिएत संघात होते आणि फ्रँकोच्या राजवटीने स्पॅनिश खेळाडूंना तिकडे जायची परवानगी दिली नाही. एएसकेला न खेळताच पुढे चाल मिळाली, अंतिम फेरीत त्यांनी सोफियाच्या अकादेमिकला हरवले, आणि यादीतले पहिले नाव लिहिले गेले.